कर्करोगाचा अर्थ आणि लोकांचे आरोग्य

रोगाचा इतिहास दोन अंगांनी सांगता येतो. एक अंग वैद्यांचे. रोग कोणी ओळखला, त्याचे कारण कोणी शोधले, उपाय कोणता निघाला, हा त्याचा क्रम. दुसरे अंग सामान्य माणसांचे. त्या रोगाचे नाव कानी पडताच घरात काय घडते, माणसे कोणाच्या दारी जातात, काय गहाण टाकतात आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतात, हा त्याचा विषय. पटकी, प्लेग, देवी या रोगांच्या बाबतीत ही दोन्ही अंगे पुष्कळशी जवळ आली. कारण लोकांना रोगाचे कारण कळले आणि सरकारला उपाय घरोघर न्यावा लागला. कर्करोगाच्या बाबतीत ती अजून दूर आहेत. हे अंतर किती महाग पडते याचा दाखला शोधायला आपल्याला बीड जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही. म्हणून या रोगाच्या नावापासून आरंभ करून आपल्या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासापर्यंत येण्याचा माझा विचार आहे.

नाव आणि स्वरूप

कर्क म्हणजे खेकडा. हे नाव मूळचे ग्रीकांचे. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत न बऱ्या होणाऱ्या गाठींना खेकड्यावरून नाव दिलेले आढळते. पुढे गेलनने त्याचे कारण सांगितले की, स्तनातील अशा गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा ‘कॅन्सर’ झाला, आणि आपण त्याचेच भाषांतर करून ‘कर्करोग’ म्हणू लागलो. आपल्याकडील प्राचीन वैद्यकातही अशा गाठींची नोंद आहे. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ असे दोन भेद आहेत. अर्बुद म्हणजे मांसात खोल रुजलेली, सावकाश वाढणारी, न पिकणारी सूज. प्रत्येक अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु जी गाठ पिकत नाही आणि जागा सोडत नाही ती निराळ्या जातीची, हे निरीक्षण मात्र खरे आहे.

नावाने रूप सांगितले, पण स्वरूप कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३८ मध्ये योहानेस म्युलर याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की ही गाठ पेशींचीच बनलेली असते. १८५८ मध्ये त्याचा शिष्य फिर्को याने प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धांत मांडला. तेव्हापासून कर्करोग हा बाहेरून अंगात शिरलेला प्राणी किंवा कोपलेला दोष राहिला नाही. तो आपल्याच शरीरातील पेशींच्या वाढीवरचा निर्बंध सुटल्याचा परिणाम ठरला. आणखी एक गोष्ट पुढे स्पष्ट झाली. कर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचे ते सामायिक नाव आहे. तोंडाचा, स्तनाचा, रक्ताचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची कारणे वेगळी, गती वेगळी आणि उपायही वेगळे. ‘कॅन्सर झाला’ एवढेच म्हणणे हे ‘ताप आला’ म्हणण्याइतकेच मोघम आहे. तापाचे कारण आपण विचारतो; कर्करोगाचे विचारीत नाही, कारण नाव ऐकताच विचारण्याचे धैर्य संपते.

राहणी आणि रोग

हा रोग कोणाला होतो, याचा शोध प्रथम इस्पितळांत लागला नाही. तो लोकांच्या राहणीकडे पाहणाऱ्यांना लागला. १७७५ मध्ये लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने लिहिले की, लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या गरीब मुलांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याला काजळी कारण आहे. १८४२ मध्ये इटलीतील व्हेरोना येथील रिगोनी-स्टेर्न याने मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत पुष्कळ आणि मठातील जोगिणींत फार थोडा आढळला. याचे कारण समजायला पुढे दीडशे वर्षे लागली. परंतु कारणाकडे बोट त्या नोंदवहीने दाखविले.

आपल्याकडे हे काम ज्यांनी केले त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. १८९५ मध्ये जन्मलेले खानोलकर लंडनला विकृतिशास्त्र शिकून आले आणि टाटा स्मारक रुग्णालयात त्या विषयाचे प्रमुख झाले. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांच्या तीन नव्या प्रकारांची नोंद आहे. त्यांत एक आपल्या फार ओळखीचा आहे. वर्षानुवर्षे घट्ट आवळून नेसलेल्या धोतरामुळे कमरेच्या कातडीला घट्टा पडून तेथे होणारा तो कर्करोग. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयीही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने काम केले. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे ते पहिले संचालक. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथेच पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

तंबाखूची गोष्ट आपल्याला जुनी वाटेल, पण ती संपलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शेकडा सुमारे २७ प्रौढ तंबाखू घेणारे आढळले, आणि त्यांतील बहुतेक चघळणारे किंवा मिसरी लावणारे होते. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी मात्र राहिली. आपल्याकडे बाईने विडी ओढली तर गाव बोलते, पण तिने सकाळी मिसरी लावली तर ती दात घासते आहे एवढेच आपण समजतो. पॉटने काजळीकडे पाहिले तसे आपण मिसरीच्या डबीकडे पाहिले पाहिजे.

मुंबई आणि मराठवाडा

टाटा स्मारक रुग्णालयाचा जन्म एका घरच्या दुःखातून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीने परळ येथे उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे गेले. १९५१ मध्ये मुंबईतच इंडियन कॅन्सर सोसायटी निघाली, आणि तिच्या पुढाकाराने १९६० नंतरच्या काही वर्षांत मुंबई शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद सुरू झाली.

ही सारी कामगिरी अभिमानाची आहे. पण ती मुंबईची होती. रुग्णालय उघडले तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. १९४८ मध्ये ते मुक्त झाले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९७४ मध्ये. म्हणजे मुंबईत कर्करोगाची दोन पिढ्यांची विद्या जमा झाल्यानंतरही मराठवाड्यातील खेड्यात या रोगाने किती माणसे जातात, हे कोणालाच सांगता येत नव्हते. जे मोजलेले नाही त्यासाठी खर्चाची तरतूद होत नाही, हा सरकारी कामाचा नियम आपण सर्व जाणतो.

बार्शीची नोंदवही

ही कोंडी फुटली ती बार्शीला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदवही उघडली. राष्ट्रीय योजनेतील केवळ ग्रामीण लोकसंख्येसाठी असलेली देशातील ही पहिली नोंदवही. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने ही या कामाशी जोडलेली नावे आहेत.

शहरातील नोंदवही रुग्णालयांच्या कागदांवरून भरता येते. खेड्यात ते शक्य नव्हते. कारण रोगी रुग्णालयात येतच नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, गावातील जाणती माणसे यांना भेटावे, कोणाला न भरणारी जखम आहे का, गाठ आहे का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाते का, हे विचारावे, आणि असा कोणी असेल तर त्याला तपासणीसाठी बार्शीला आणावे, अशी रीत पडली. आकडे गोळा करणारा माणूसच आरोग्याचा शिक्षक झाला. याचा एक परिणाम काही वर्षांतच दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषधही निघाले नव्हते. कोणीतरी दारात येऊन विचारू लागले होते, एवढाच फरक झाला होता.

त्या नोंदवहीने आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या मानाने या खेड्यांत एकूण कर्करोग कमी. परंतु स्त्रियांमध्ये पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा.

धाराशिवचा प्रयोग

रिगोनी-स्टेर्नच्या कोड्याचे उत्तर तोवर मिळाले होते. १९८३ मध्ये जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत पॅपिलोमा जातीचा एक विषाणू शोधून काढला. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि पुढे दहा-वीस वर्षांनी कर्करोग उद्‌भवतो. म्हणजे रोग दिसण्यापूर्वी त्याला गाठण्यासाठी निसर्गानेच दहा वर्षांची मुदत दिलेली आहे.

या मुदतीचा उपयोग गरीब देशातील खेड्यात कसा करावा, याची परीक्षा १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट, आणि चार प्रकार. एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी बार्शी व मुंबईच्या सहकाऱ्यांसह २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ वर्षांत, नेहमीच्या व्यवस्थेतील सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने मेल्या. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या सुमारे चौतीस हजारांपैकी ३४. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या शोधाची दखल साऱ्या जगाला घ्यावी लागली.

येथे एक प्रश्न राहतो आणि तो टाळू नये. ज्या भागात तपासणी केली नाही तेथील ६४ स्त्रियांचे काय? तुलनेसाठी असा गट ठेवणे न्याय्य होते का, यावर पुढे वैद्यकीय जगात कडक वाद झाला. नेहमीची व्यवस्था म्हणजे आपल्या खेड्यांत त्या काळी तपासणीचा अभाव, हे त्या वादाचे मूळ. प्रयोग करणाऱ्यांनी अभाव निर्माण केला नव्हता. परंतु तो अभाव नसता तर प्रयोगाला जागाच उरली नसती. जो धडा आपल्या शेजारच्या बायकांच्या आयुष्यावर लिहिला गेला, तो निदान आपण तरी वाचला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट लक्षात घ्या. चाचणीत दोष आढळला तर काय करीत? बहुतेकींच्या बाबतीत तेवढाच बिघडलेला भाग गोठवून किंवा कापून काढीत. गर्भाशय काढावे लागत नसे.

बीड : पिशवीचा प्रश्न

धाराशिवची सीमा बीडला लागून आहे. तेथे हे सिद्ध होत होते त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यात काय चालले होते, ते आता पाहू.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती पाच-सहा महिने फडात फेडायची. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दुरून. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस हे संकट होते. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणून बाई दवाखान्यात जाते. बहुधा तो साधा जंतुदोष असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. परंतु अनेकींनी सांगितले आहे की त्यांना निराळेच ऐकावे लागले. पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल! सोनोग्राफीचे एक चित्र पुरावा म्हणून पुढे ठेवले गेले. पेशींची तपासणी नाही, तुकडा काढून पाहणे नाही. बाईने आणि तिच्या नवऱ्याने विचार केला. कॅन्सरही टळेल आणि खाडाही टळेल. पुन्हा उचल घेतली आणि पिशवी काढली.

२०१९ मध्ये ही गोष्ट देशभर गाजली. त्या वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे म्हणता येणार नाही. काहींना तिची खरीच गरज असेल. परंतु यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ होत्या. या वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले तर शरीराला अकाली वार्धक्य येते, हाडे ठिसूळ होतात, आणि ऊस तर तोडायचाच असतो. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली.

कर्करोगाचा इतिहास सांगताना हा प्रसंग मी मुद्दाम घेतला. या हजारो स्त्रियांपैकी बहुतेकींना कर्करोग झाला नव्हता. तरीही त्यांच्या शरीराचे जे नुकसान झाले त्याला त्याचे नाव कारण झाले. कर्करोग हे मरणाचे दुसरे नाव आहे, एवढेच ज्ञान आपल्या खेड्यांत पोचले होते. तो कोणत्या कारणाने होतो, किती वर्षांनी होतो, कशाने ओळखतात, हे त्याच्या मागोमाग पोचले असते तर त्या बाईने डॉक्टरला एक प्रश्न विचारला असता : ‘तपासणी कुठं आहे?’ तो प्रश्न तिला सुचू नये, यात तिच्या अडाणीपणापेक्षा आपल्या व्यवस्थेचा अपराध मोठा आहे.

आकड्यांचा अर्थ

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीच्या अहवालात धाराशिव व बीड या दोन जिल्ह्यांचा एकत्र आकडा आहे. लाख पुरुषांमागे वर्षाला ३९.५ आणि लाख स्त्रियांमागे ४९.४. देशातील नोंद होणाऱ्या सर्व क्षेत्रांत हे प्रमाण सर्वांत कमी. मिझोराममधील ऐजॉल येथे पुरुषांचा हाच आकडा २६९.४ आहे. हे वाचून कोणी म्हणेल, मग आपल्याला चिंता कसली?

या आकड्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही काही अंशी खरे आहेत. खेड्यातील राहणीमुळे काही प्रकारचे कर्करोग आपल्याकडे खरोखरच कमी आहेत. बार्शीची नोंदवही प्रथमपासून हेच सांगत आली. परंतु निदान झाल्याशिवाय नोंद होत नाही, हेही तितकेच खरे. जी म्हातारी ‘अंगावर दुखणं काढून’ घरीच गेली, ती कोणत्याच वहीत नसते. लहान आकडा हे समाधानाचे प्रमाणपत्र न समजता, इतक्या थोड्या रोग्यांनाही आपण वेळेवर का गाठू शकत नाही, असे विचारणे अधिक योग्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शेकडा दोनसुद्धा नव्हत्या. धाराशिवच्या प्रयोगाला तोवर दहा वर्षे होऊन गेली होती.

आणि साधने आता पूर्वीपेक्षा सोपी आहेत. विषाणूविरुद्ध लस निघाली. तिच्या भारतातील अभ्यासात बार्शीही एक केंद्र होते. २०१० मध्ये सरकारी आदेशाने तो अभ्यास मध्येच थांबला, त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे त्यांची पाहणी करताना आढळले की एक मात्राही टिकाऊ संरक्षण देते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम संस्थेची स्वदेशी लस बाजारात आली. १५ वर्षांच्या आत शेकडा ९० मुलींना लस, शेकडा ७० स्त्रियांची दोनदा तपासणी आणि दोष आढळलेल्या शेकडा ९० जणींना उपचार, असे उद्दिष्ट जागतिक संघटनेने २०२० मध्ये जगापुढे ठेवले आहे. तिच्या मते एवढे झाले तर हा एक कर्करोग पृथ्वीवरून जवळजवळ नाहीसा करता येईल.

आपल्या जिल्ह्यापुरते याचे भाषांतर करणे अवघड नाही. ऊसतोडीला टोळ्या निघतात त्याआधी गावात तपासणी व्हावी. टोळी परत येते त्या वेळी तिचा निकाल आणि उपचार तयार असावा. मुकादमाच्या वहीत उचलीची नोंद असते, तशी आशाताईंच्या वहीत प्रत्येक बाईच्या तपासणीची नोंद असावी. तोंडात पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारे व्रण, स्तनातील न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावरचे रक्त, ही चार लक्षणे शाळेतल्या मुलाला पाढ्यांसारखी पाठ असावीत. आणि पिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिला तर, तपासणीचा लेखी निकाल पाहिल्याशिवाय आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय संमतीच्या कागदावर अंगठा उठवू नये.

शेवटच्या गोष्टीसाठी पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, मुंबईलाही जावे लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी धुणेभांडी करणारी, शेतावर येणारी, ऊसतोडीला जाणारी एखादी बाई असते. या व्याख्यानातील एवढे एक वाक्य तिच्यापर्यंत पोचविण्याचे काम आपण श्रोत्यांनी करावे, अशी माझी विनंती आहे.